गाणे शिकण्याचे दिवस

गेल्या डिसेंबरातील एका रविवारी बडोद्याच्या वेशीबाहेरील एक पक्षी-संवर्धन केंद्र पाहण्याचा योग आला. एका निवृत्त अभियंत्याने हौसेने उभारलेले हे केंद्र वर्षातून एकच दिवस सर्वांसाठी खुले असते. नातवाच्या हट्टापायी गेलो खरा. परंतु परतताना माझ्यासारख्या कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या पदरातच अधिक काही पडले होते.

दाराशीच चपला काढून ठेवाव्या लागल्या. यजमानांनी प्रत्येकाला विचारले, “दमा तर नाही ना?” हा प्रश्न ऐकून मला समाधान वाटले. पक्ष्यांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काहींच्या फुप्फुसांना चिवट सूज येते. खोकला हटत नसलेल्या रुग्णाला ‘घरी पक्षी आहेत का?’ असे विचारायला आपणही पुष्कळदा विसरतो.

आत जाळीदार दालनांतून लहान मडकी टांगलेली होती. राळ्याचे दाणे आणि चोच घासण्यासाठी समुद्रफेस ठेवलेला होता. बहुतेक पक्षी ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच, वजनाने जेमतेम १२ ग्रॅमचे; नराची चोच लालभडक आणि गालावर नारिंगी ठिपका. हे पक्षी आपल्या मुनियांच्याच कुळातले. नातवाने विचारले, “आजोबा, आपली लाल मुनिया इथे का नाही?” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी मुनिया पकडणे वा विकणे निषिद्ध आहे, असे यजमानांनी समजावून सांगितले. एके काळी या मुनिया अहमदाबादेहून इतक्या परदेशी जात, की तिच्या ‘अमंदवा’ या शास्त्रीय नावात ते शहर कायमचे जाऊन बसले आहे!

एका पिंजऱ्यापाशी यजमान थांबले. “डॉक्टरसाहेब, या नराचे गाणे ऐका आणि मग शेजारच्याचे ऐका.” दोघेही रूपाने झेब्रा फिंच, पण पहिल्याचे गाणे सर्वस्वी निराळे. त्याची आई अंडी घालून मेली, म्हणून ती अंडी बेंगालीज फिंचच्या जोडप्याखाली ठेवली होती. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून जपानात माणसाळवलेली ही जात परक्या पिलांनाही मायेने वाढवते. पिलू मोठे झाले, रूप रक्ताच्या बापाचे राहिले. गाणे मात्र पालक बापाचे आले.

यात चमत्कार नाही. झेब्रा फिंचमध्ये गातो तो नरच. अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे २५ व्या दिवसापासून पुढचे काही आठवडे पिलू वडीलधाऱ्या नराचे गाणे मनात साठवते, बोबड्या सुरात घोकते आणि सुमारे ९० व्या दिवशी त्याचे गाणे कायमचे ठरून जाते. त्या काळात गाणारा कोणी भेटलाच नाही, तर पिलू गाते, पण वेडेवाकडे. युरोपातील चॅफिंच पक्ष्याची पिले एकांतात वाढवून केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी १९५० च्या दशकात हेच दाखवून दिले होते.

ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे त्याच आठवड्यात तपासलेला चार वर्षांचा मुलगा उभा राहिला. एकही शब्द न बोलणारा. “याचे काका पाचव्या वर्षी बोलले,” असे म्हणत घरच्यांनी वाट पाहिली. दुर्दैवाने एका डॉक्टरनेही “बोलेल हळूहळू” असाच धीर दिला होता. बेरा चाचणीत दोन्ही कानांनी तीव्र बहिरेपणा निघाला. उपचार आहेत, ते सुरूही केले. पण ऐकून भाषा घडण्याची सर्वांत सुपीक वर्षे निघून गेली होती, ती कोणते यंत्र परत आणणार?

माणसाचे मूल म्हणजे फिंचचे पिलू नव्हे. आपल्याकडे ही कवाडे एका दिवसात बंद होत नाहीत आणि खुणांची भाषाही मुलाच्या मेंदूला तितकीच समृद्ध करते. तथापि कोणती ना कोणती भाषा मुलाला वेळेवर मिळालीच पाहिजे. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती आहे : नवजात अर्भकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, हे सूत्र पाळावे. आणि आई “याला ऐकू येत नाही असे वाटते” म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. तिची शंका बहुधा खरी ठरते, असा माझा अनुभव आहे.

परतीच्या वाटेवर नातू गाडीत त्या पोरक्या पिलाचे गाणे शीळ घालून काढीत होता. मध्येच त्याने विचारले, “आजोबा, त्याला मराठी कोणी शिकवली असती तर?” मी हसलो. मग घरी पोहोचेपर्यंत त्याला माझ्या आजीने सांगितलेली एक गोष्ट सांगत राहिलो.