हिमपादुका पदभ्रमण

हिमपादुका पदभ्रमण : मऊ हिमात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली रुंद चौकटी बांधून केलेली पायी भ्रमंती. या चौकटींना हिमपादुका म्हणतात. शिकार व दळणवळण यांच्या गरजेतून निर्माण झालेले हे साधन आज मुख्यतः हिवाळी गिरिभ्रमणासाठी वापरले जाते. उत्तर अमेरिका, आल्प्स पर्वत, स्कँडिनेव्हिया व जपान येथील हिमाच्छादित डोंगरांत हा छंद विशेष रूढ आहे. स्कीइंगप्रमाणे यात घसरण्याचे कौशल्य आत्मसात करावे लागत नाही. ज्याला चालता येते, त्याला थोड्या सरावाने हिमपादुकाही वापरता येतात. मात्र साधन सोपे असले, तरी ते माणसाला ज्या प्रदेशात नेते तो प्रदेश सोपा नसतो. म्हणून असे भ्रमण सहसा चार-सहा सोबत्यांच्या गटाने केले जाते आणि त्याचे यश शारीरिक बळापेक्षा गटाच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असते.

तत्त्व व रचना : नव्याने पडलेल्या हिमात बरीचशी हवाच असते. त्याची घनता पुष्कळदा दर घ. मी.ला ५० ते १०० किग्रॅ. एवढीच असते, घट्ट बर्फाची सु. ९१७ किग्रॅ. असते. पाठपिशवीसह ८० किग्रॅ. वजनाच्या माणसाचा सगळा भार एका बुटावर आला, तर सु. २८० चौ. सेंमी. तळव्याखाली दर चौ. सेंमी.ला सु. २८० ग्रॅ. दाब पडतो. १,४०० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची हिमपादुका वापरल्यास तोच दाब एक-पंचमांश होतो. त्यामुळे पाय मुळीच रुतत नाही असे नव्हे. मांडीपर्यंत जाणारा पाय घोट्यापर्यंत किंवा फार तर पोटरीपर्यंत जातो. दिवसभराच्या चालीत हा फरक निर्णायक ठरतो.

पारंपरिक हिमपादुकेची चौकट ॲश किंवा बर्च या झाडाचे लाकूड वाफेवर वाकवून करीत आणि तीत कॅरिबू, मूस किंवा हरिण यांच्या कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणीत. जाळीमुळे वजन कमी राहते व वर साचलेले हिम खाली गळून जाते. तिचा आकार प्रदेशानुसार ठरे. मोकळ्या मैदानातील खोल हिमासाठी लांबट व शेपटीची पादुका सोयीची असे, कारण मागे फरफटणाऱ्या शेपटीमुळे ती सरळ रेषेत राहते. दाट जंगलात वारंवार वळावे लागत असल्याने आखूड, गोलसर व बिनशेपटीची पादुका वापरीत. तिला अस्वलाच्या पंजावरून नाव मिळाले. १९७०च्या दशकात ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट, तीवर ताणलेले कृत्रिम कापड, बुटाच्या पुढच्या भागाखाली बिजागरीसारखी फिरणारी पट्टी आणि तिला जोडलेले धातूचे दाते अशी रचना प्रचारात आली. दात्यांमुळे कडक हिमाच्या चढावर पकड मिळू लागली आणि मैदानी साधन खऱ्या अर्थाने शिखरांवर पोहोचले. पुढे घडीव प्लॅस्टिकच्या पादुकाही आल्या. तीव्र चढावर पोटऱ्यांवरील ताण कमी व्हावा म्हणून टाचेखाली उभी करता येणारी तारेची कडी अनेक पादुकांना असते.

इतिहास : आतापर्यंत सापडलेली सर्वांत जुनी हिमपादुका इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ, आल्प्समधील गुर्गलर आइसयोख येथे ३,१३४ मी. उंचीवर २००३ मध्ये मिळाली. बर्चच्या फांदीची ही गोलसर चौकट इ. स. पू. सु. ३८०० ते ३७०० या काळातील असल्याचे किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने ठरविण्यात आले आणि २०१६ मध्ये हा शोध जाहीर झाला. ग्रीक लेखक झेनोफन याने इ. स. पू. ४०१-४०० च्या हिवाळ्यातील आर्मेनियामधील प्रवासाच्या वर्णनात, घोडे पोटापर्यंत हिमात रुतू नयेत म्हणून त्यांच्या पायांना पिशव्या बांधण्याची युक्ती एका गावप्रमुखाने शिकविल्याचे नमूद केले आहे. स्ट्रेबो या भूगोलज्ञाने कॉकेशसमधील लोकांच्या बैलाच्या कच्च्या कातड्याच्या, काटे लावलेल्या रुंद पादुकांचा उल्लेख केला आहे. जपानमध्ये ‘कांजिकी’ नावाच्या हिमपादुका परंपरेने वापरात आहेत. काश्मीरमधील भाताच्या पेंढ्याची ‘पुलहोर’ ही पादत्राणे मात्र हिमावर पकड मिळविण्यासाठी असत. भार पसरविणे हा त्यांचा मुख्य हेतू नव्हे.

या साधनाचा सर्वाधिक विकास उत्तर अमेरिकेतील क्री, ओजिब्वा, ह्यूरन, अल्गाँक्वियन इ. मूळ रहिवाशांनी केला. युरोपीय वसाहतवाल्यांनी व फरच्या व्यापाऱ्यांनी ते त्यांच्याकडून उचलले. १३ मार्च १७५८ रोजी लेक जॉर्जजवळ रॉबर्ट रॉजर्झच्या ब्रिटिश पक्षाच्या तुकडीची फ्रेंच व त्यांचे मूळ रहिवासी मित्र यांच्याशी झालेली चकमक ‘हिमपादुकांची लढाई’ म्हणून ओळखली जाते. तीत रॉजर्झच्या तुकडीची मोठी हानी झाली.

करमणुकीचा प्रकार म्हणून हिमपादुकांचा प्रसार कॅनडातील माँट्रिऑल येथून झाला. तेथे १८४०च्या दशकात स्थापन झालेल्या मंडळाचे सभासद हिवाळ्यात रात्री मशाली घेऊन माउंट रॉयल ही टेकडी ओलांडीत आणि अखेरीस एकत्र भोजन करीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बॉस्टन येथे १८७६ मध्ये स्थापन झालेल्या ॲपालॅचिअन मौंटन क्लबने न्यू हँपशर राज्यातील व्हाइट मौंटन्समध्ये हिवाळी सहलींची परंपरा रुजविली. या पर्वतातील ४,००० फुटांहून (सु. १,२१९ मी.) उंच शिखरे सर करणाऱ्यांची १९५७ पासून नोंद ठेवली जाते, सध्याच्या यादीत अशी ४८ शिखरे आहेत. मिरिअम व रॉबर्ट अंडरहिल या दांपत्याने त्या वेळच्या यादीतील सर्व शिखरे हिवाळ्यात चढण्याचा पहिला मान १९६० मध्ये मिळविला. मिरिअम यांचे वय तेव्हा ६२ वर्षांचे होते.

प्रत्यक्ष भ्रमण : व्हाइट मौंटन्समधील फ्रँकोनिया धारेवरील फेरी हे अशा भ्रमणाचे नमुनेदार उदाहरण होय. सु. १४ किमी.च्या या फेरीत लिटल हेस्टॅक (१,४५१ मी.), लिंकन (१,५५१ मी.) व लॅफाएट (१,६०० मी.) ही शिखरे येतात. आकडे हिमालयाच्या मानाने लहान असले, तरी पायथा सु. ५४० मी. उंचीवर असल्याने एकूण चढ हजार मी.हून अधिक होतो आणि डिसेंबर अखेरीस उजेड जेमतेम नऊ तास मिळतो. म्हणून गट पहाटेच निघतो.

जंगलातील पहिल्या टप्प्यात ताज्या हिमातून वाट पाडावी लागते. हे काम सर्वांत कष्टाचे असते; पुढच्या माणसाची पादुका प्रत्येक पावलाला हिम दाबते, तर मागच्यांना दाबलेल्या वाटेवरून चालावयाचे असते. त्यामुळे पुढचा सोबती काही मिनिटे वाट पाडून बाजूला होतो, रांग पुढे जाऊ देतो आणि शेवटी येऊन मिळतो. पाळीची ही पद्धत केवळ न्यायाची नसून सुरक्षिततेचीही आहे. एकट्यानेच पुढे राहणारा माणूस घामाने भिजतो आणि ओले कपडे अंगावर असताना वारा लागल्यास देहतापमान धोकादायक रीतीने घटू शकते. निघताना थोडी थंडी वाजत असेल, तर अंगावरील कपडे बेताचे आहेत, असा अनुभवी गिरिभ्रमकांचा ठोकताळा आहे. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवतात, कारण पाणी वरच्या बाजूने गोठू लागते व उलट ठेवल्यास झाकणाकडचा भाग मोकळा राहतो.

सु. १,४०० मी. उंचीवर स्प्रूस व फर ही झाडे खुरटत जाऊन संपतात. तेथून लॅफाएटपर्यंतची सु. २.७ किमी. धार पूर्णपणे उघडी आहे. पश्चिमेचा किंवा वायव्येचा वारा हिम उडवून नेत असल्याने येथे खडक व कडक बर्फ लागतो. म्हणून हिमपादुका पाठीवर बांधून बुटांना पोलादी काटे लावावे लागतात. धुक्यात वाटेचा आधार म्हणजे दगडांच्या राशी. उतरणीवरील ग्रीनलीफ निवारा हिवाळ्यात बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

धोके व दक्षता : तापमान −२०° से. व वाऱ्याचा वेग ताशी ५० किमी. असल्यास उघड्या त्वचेला थंडी −३५° से. इतकी जाणवते आणि दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. याच पर्वतातील माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किमी. वेगाच्या झोताची नोंद झाली होती. हिमाखाली गाडल्या गेलेल्या सूचिपर्णी झाडांभोवती पोकळ्या राहतात. त्यांत पडलेल्यास पादुका फांद्यांत अडकल्यामुळे स्वतःहून बाहेर येणे कठीण होते. सु. ३०° ते ४५° उताराच्या उघड्या हिमराशी कोसळून हिमलोट येण्याचा संभव असतो.

हिमपादुका न घालता चालणाऱ्याच्या पायांनी वाटेत खोल खड्डे पडतात व ते गोठल्यावर मागून येणाऱ्यांचे पाय मुरगळतात. या कारणास्तव न्यू यॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक पर्वताच्या उंच शिखरांच्या संरक्षित क्षेत्रात ८ इंच (सु. २० सेंमी.) वा अधिक हिम असल्यास हिमपादुका किंवा स्की वापरणे बंधनकारक आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र कोठेही लिहून लावलेला नसतो. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावी व ती झाल्यावर शिखर समोर दिसत असले तरी मागे वळावे. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्यावरून ठरावा आणि एकाला थंडी बाधू लागल्यास सर्वांनी उतरावे. दमलेला व गारठलेला माणूस स्वतःच्या स्थितीचा अंदाज नीट करू शकत नाही. बोलण्यातील अडखळ किंवा गालावरील पांढरा डाग प्रथम सोबत्याच्याच लक्षात येतो. या भ्रमणात सोबत अनिवार्य मानली जाते ती यासाठीच.