गेमिंग आणि डिझाइनसाठी तयार पीसी घेताय? आधी पार्टची पूर्ण नावं मागा

मोबाईलवर बीजीएमआय खेळून आणि पिक्सेललॅबवर वाढदिवसाचे बॅनर बनवून हात बसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता पीसी कोणता घेऊ? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा शहाद्याचा. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातली ओळखीची बरीच मुलं मला हेच विचारतात. बहुतेकांना पार्ट जोडत बसायचं नसतं. घरी आणला, प्लग लावला, सुरू झाला, असा तयार पीसी हवा असतो. त्यात चूक काहीच नाही. फक्त तयार डब्याच्या आत काय आहे, ते पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

'आय-७' म्हणजे नक्की कोणता?

माझा मावसभाऊ तळोद्यात फ्लेक्सचं डिझाइन करतो. घरच्यांनी मिरचीच्या पैशातून त्याच्या पीसीसाठी रक्कम बाजूला काढली होती. त्याला एक जाहिरात दिसली: 'आय-७, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, गेमिंग पीसी'. भाव मोहात पाडणारा. मी म्हटलं, प्रोसेसर आणि कार्डचं पूर्ण नाव विचार. उत्तर आलं: आय-७ ३७७० आणि जीटी ७३०.

आय-७ ३७७० हा २०१२ सालचा प्रोसेसर आहे. २०२२ मध्ये आलेला साधा आय-३ १२१०० त्याच्यापेक्षा बराच वेगवान आहे. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्यावर स्क्रीन दिसते, आजचे मोठे गेम चालत नाहीत.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज ११ ला इंटेलचा ८ व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसुद्धा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणजे असा पीसी घरी येतो तेव्हाच म्हातारा असतो. भावाने तो सोडून दिला.

कार्डच्या नावातली गंमत

नवीन पीसीतही नावं फसवतात. आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतं. वाटतं, फरक फक्त मेमरीचा. पण ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आहेत आणि ६ जीबीवाल्यात २३०४. मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरून ९६ बिटवर आलाय. ६ जीबीवालं कमी वीज खातं हे खरं, पण दोन्हींचा भाव सारखा असू शकत नाही. बिलावर नुसतं '३०५०' लिहिलेलं चालवून घेऊ नका.

डिझाइनवाल्यांनी पैसे कुठे घालायचे?

कोरलड्रॉ आणि फोटोशॉपचं रोजचं काम मुख्यतः प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर चालतं. महागडं कार्ड घेतलं म्हणून दहा बाय आठचा फ्लेक्स दुप्पट वेगाने तयार होणार नाही. ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग आणि गेमिंग असेल तर मात्र कार्डचा उपयोग जाणवतो.

रॅम १६ जीबी ठेवा, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. तयार पीसीत बऱ्याचदा एकच पट्टी असते. वेगळं कार्ड नसेल तर त्याने गेमिंगचा वेग चांगलाच पडतो.

मॉनिटर आयपीएस पॅनेलचा घ्या आणि एसआरजीबी किती टक्के आहे ते विचारा; ९९ च्या आसपास असेल तर उत्तम. तरीही स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निळा छपाईत थोडा फिका येणारच, कारण मशीन सीएमवायके रंगांत छापतं. पण निदान नवरदेवाचा फेटा स्क्रीनवर केशरी आणि फ्लेक्सवर लाल, असा घोळ कमी होतो.

आपल्याकडचा मे महिना आणि वीज

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बहुतेक एसीच्या खोलीत होतात. खोली १५ अंशांनी गरम असेल तर आतली चिपही साधारण तितकीच जास्त तापते. मर्यादा गाठली की ती स्वतःचा वेग कमी करते आणि गेम अडखळायला लागतो. म्हणून पुढे बंद काच असलेलं चमकदार कॅबिनेट टाळा. पुढे जाळी, आत किमान दोन पंखे आणि धुऊन लावता येणारी धूळगाळणी असलेलं बघा.

एसएमपीएसवर बहुतेक जण लक्ष देत नाहीत, आणि दुकानदार काटकसर तिथेच करतो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस दर्जाचा घ्या. ऑफिससाठी बनलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा, कमी वॅटचा एसएमपीएस असतो. नंतर मोठं कार्ड टाकू म्हटलं तर टाकता येत नाही.

यूपीएस लागणारच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. साधारण ३६० वॅटच मिळतात. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० वॅटच्या आसपास जाऊ शकतात, म्हणून १००० व्हीएचा घ्या. घरातलं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा तिथेच असतो.

वॉरंटी कुठे मिळणार?

'ऑनसाइट वॉरंटी' लिहिलं असलं तरी तुमच्या पिनकोडवर माणूस येतो का, हे कस्टमर केअरला फोन करून विचारा. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पत्त्यासाठी तर आधी विचाराच. नाहीतर बिघडलेला डबा घेऊन सुरतची गाडी पकडावी लागेल. जवळच्या दुकानदाराने पक्कं जीएसटी बिल आणि प्रत्येक पार्टची वॉरंटी दिली, तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी परवडतं.

हा मेसेज कॉपी करून दुकानदाराला पाठवा:

'दादा, प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, एसएसडी आणि एसएमपीएस यांची कंपनी व पूर्ण मॉडेल नंबर पाठवा. रॅमच्या पट्ट्या किती? वायफाय आहे का? पार्ट नवीन आहेत की वापरलेले? बिलावर सीरियल नंबर मिळतील का?'

वायफायचा प्रश्न मुद्दाम घातलाय. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ते नसतं आणि मोबाईलचा हॉटस्पॉट जोडताच येत नाही. तेवढ्यापुरती यूएसबी केबल लावून नेट घेता येतं.

चांगला दुकानदार या मेसेजला दहा मिनिटांत उत्तर देतो. जो 'एकदम टॉप आहे भाऊ, टेन्शन नको' एवढंच म्हणतो, तिथे अॅडव्हान्स देऊ नका.