जन्मठेप म्हणजे किती वर्षं?

भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामपट्ट्यात खून झाला, तर खटला सत्र न्यायालयात चालतो. गुन्हा शाबित झाला की निकाल बहुधा एका ओळीचा असतो: जन्मठेप आणि दंड. न्यायालयाबाहेर आल्यावर मृताचे नातेवाईक वकिलांना विचारतात, म्हणजे किती वर्षं? शेजारचं कुणीतरी लगेच सांगतं, चौदा.

जन्मठेप ठरावीक वर्षांची असते हा गैरसमज मोडून काढणारा निकाल एका मराठी कैद्याच्याच अर्जावर लागला. गांधीहत्येच्या खटल्यात १० फेब्रुवारी १९४९ रोजी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली, तर गोपाळ गोडसेंना जन्मठेप, म्हणजे तेव्हाच्या कायद्यातली काळ्या पाण्याची शिक्षा. पुढे १९५५ च्या दुरुस्तीने कायद्यातून काळं पाणी गेलं आणि जन्मठेप राहिली. मिळालेली माफी धरली तर आपली वीस वर्षं भरली, आता सोडा, असा गोपाळ गोडसेंचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. वीस वर्षांचा आकडा फक्त शिक्षेचा अंश मोजण्यापुरता. सोडायचं की नाही हे सरकारने ठरवायचं. त्याच सरकारी अधिकारातून ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांची सुटका झाली.

चौदाचा आकडा कायद्यात ठळक झाला तो १९७८ मध्ये. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय माफीने सोडू नये, अशी ती तरतूद. तिने किमान मर्यादा घातली होती. लोकांनी तिलाच शिक्षेची मुदत मानलं.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी गेली आणि जन्मठेप सक्तीची झाली. पण खटला चालवणारा न्यायाधीशच किमान मुदत ठरवतो आणि ती कशी ठरवली हे भर न्यायालयात सांगतो. प्रौढ आरोपीसाठी मोजणी साधारणपणे पंधरा वर्षांपासून सुरू होते. चाकू घरून नेला असेल तर पंचवीसपासून, बंदूक वापरली तर तीसपासून. अतिगंभीर खुनांत आमरण कैद. मुदत सरली म्हणून दार आपोआप उघडत नाही, पॅरोल बोर्डाची खात्री पटावी लागते. २०२२ पासून क्राउन कोर्टातली अशी निकालवाचनं कॅमेऱ्यासमोरही होऊ लागली. मृताच्या आईला त्याच दिवशी आकडा कळतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्याकडे अमुक वर्षं माफी नाही असं बजावण्याचा अधिकार २००८ आणि २०१५ च्या निकालांनी मान्य झाला, पण तो उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरता. खुनाच्या साध्या जन्मठेपेत सत्र न्यायाधीशाला तो नाही. साक्षीदार ज्याने ऐकले, रडणारं कुटुंब ज्याने पाहिलं, त्याच्याच हाती वर्षं नाहीत.

कैदी कधी बाहेर येणार हे सरकार ठरवतं, याची झळ कुणाला बसते? वडाळ्यात २०१२ मध्ये एका तरुण वकील मुलीचा खून झाला. इमारतीच्या पहारेकऱ्याला २०१४ मध्ये जन्मठेप झाली. २०१६ मध्ये तो नाशिक तुरुंगातून पॅरोलवर सुटला आणि पळाला. २०१७ मध्ये काश्मीरमध्ये सापडला. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो बलात्कार व हत्या खटल्यात शिक्षा मुंबईत झाली होती, तरी गुजरात सरकारने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी अकरा जणांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली: शिक्षा महाराष्ट्रात झाली, तर माफीचा निर्णयही महाराष्ट्राचाच.

कैदी सुधारतात, त्यांना बाहेरची आशा हवी, हे मी मनापासून मानतो. मात्र माफीची फाइल हलण्याआधी मृताच्या घरी लेखी कळवलं जावं आणि त्यांचं म्हणणं नोंदवलं जावं. महाराष्ट्राच्या गृहखात्याने एवढं तरी करावं.