वेगाचा काटा

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीने मला एक धडा दिला. तो इतरांच्याही उपयोगी पडावा, म्हणून येथे सांगतो.

आईला प्रकृतीच्या तपासणीसाठी चिटगुप्प्याहून कलबुर्गीस न्यावयाचे होते. हुमनाबाद जवळ आले आणि वेगाचा काटा एकाएकी शून्यावर पडला. पुणे-हैदराबाद महामार्गापाशी गाडी थांबवू लागलो, तो इंजिनही बंद पडले. मागून मालमोटारीचा कर्णा वाजला आणि आईने माझा दंड घट्ट धरला.

पुढे एका कारागिराने गाडी पाहिली न पाहिली तोच ‘मीटर गेले’ असा निकाल दिला. मीटर बदलले. दोन दिवस काटा हलला, तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्य!

अखेर गावातीलच एका मेकॅनिककडे गेलो. तो आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी. जाड भिंगांचा चष्मा सावरीत त्याने विचारले, “गुरुजी, किलोमीटरचे आकडे तरी पुढे सरकतात का?” तेही थांबले होते. “मग दोष काट्यात नसावा. काट्यापर्यंत बातमीच पोहोचत नसेल.”

पूर्वीची रचना निराळी होती. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या वेगमापकात तारेच्या पिळाने एक लोहचुंबक फिरे आणि त्याच्या ओढीने काटा सरके. आमच्या गाडीत मात्र गिअरबॉक्सवर बोटाएवढा एक सेन्सर असतो. चाकांच्या फिरण्याबरोबर तो विजेचे ठोके पाठवितो. ते मोजून गाडीतील संगणक वेग ठरवितो. गाडी थांबताना इंजिनाला किती हवा द्यावी, हेही तो त्यावरूनच जाणतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इशारा देणारी घंटा सक्तीची झाली. वेगच कळला नाही तर तीही मुकी राहते.

त्याने यंत्र लावून संगणकातील नोंद वाचली: पी ०५००, म्हणजे वेगाचा संकेत नाही. “ही तक्रार झाली, निदान नव्हे,” तो म्हणाला. प्रथम त्याने तारा व जोडणी तपासली. कोठे तुटलेले वा गंजलेले नव्हते. किल्ली फिरवून मल्टीमीटर लावला. सेन्सरला १२ व्होल्ट मिळत होते, अर्थिंगही ठीक होते. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एकच चाक जॅकवर उचलले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला आणि मला चाक हाताने फिरवावयास सांगितले. संकेताच्या तारेवर आकडा शून्य आणि ५ यांच्यामध्ये खाली-वर व्हावयास हवा होता. तो ५ वरच खिळून राहिला.

तरीही त्याने सेन्सरला दोषी ठरविले नाही. तो काढून त्याचे दातेरी चाक पाहिले. दाते शाबूत होते. ते बोटाने फिरविले, तरी आकडा हलेना. तेव्हा कोठे तो म्हणाला, “आता बदलू.” नवा सेन्सर बसविला, जुनी नोंद पुसली आणि मला शेजारी बसवून गाडी हुमनाबादच्या रस्त्यावर फिरवून आणली. काटा इमानाने चढत-उतरत होता. नव्या सेन्सरची किंमत बदललेल्या मीटरच्या मानाने अगदीच किरकोळ होती.

परतताना माझी नजर त्याच्या चष्म्याकडे गेली. सातवीत हा मुलगा फळ्यावरचे कधीच नीट उतरवून घेत नसे. मी त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसविले होते. त्याला फळाच दिसत नव्हता, हे मी तपासले नाही. बातमी आत पोहोचत नव्हती, आणि मी दोष दिला बुद्धीला.

हे मी त्याला बोलून दाखविले. तो हसून म्हणाला, “जाऊ द्या, गुरुजी. तेव्हा तुमच्याकडे मल्टीमीटर नव्हता.”

यंदा शाळा उघडली, त्या आठवड्यात प्रत्येक वर्गातील मुलांना मी शेवटच्या बाकावरून फळा वाचावयास लावला.