पिवळ्या दिव्याची साक्ष

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचे चित्र असलेला एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. विझला नाही की मालकाचा चेहरा उतरतो. गंमत अशी की गाडी मात्र बहुतेक वेळा नेहमीसारखीच चालत असते. आवाज तोच, वेग तोच, एसीही तसाच थंड. अशा वेळी आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण दिव्याकडे साफ दुर्लक्ष करतात. माझ्या एका परिचिताने त्यावर गणपतीचे छोटेसे चित्र चिकटवून टाकले होते. दुसरे त्याच दिवशी गॅरेज गाठतात आणि ‘काय असेल ते बदलून टाका’ म्हणून मोकळे होतात. दिवा नेमके काय म्हणतो आहे, हे विचारण्याच्या फंदात दोघेही पडत नाहीत.

या दिव्यामागे असणाऱ्या अनेक कारणांपैकी एक नेहमीचे कारण म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. बोटाएवढी वस्तू. स्पार्क प्लगची धाकटी बहीण शोभेल अशी. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत ती आटे फिरवून बसवलेली असते आणि तिच्या शेपटीला तीन-चार वायरी असतात. जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे, एवढेच ती सांगते. पण त्या एका उत्तरावर गाडीचा सगळा हिशेब चालतो.

हिशेब असा. १ किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो, दम्याच्या माणसाला नकोसा होणारा. सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. ते या तिन्ही प्रकारच्या घाणीचा निकाल लावतात. तिसरी घाण म्हणजे न जळलेले पेट्रोल. मात्र हवा आणि इंधन यांचे प्रमाण त्या नेमक्या रेषेच्या अगदी जवळ राहिले, तरच. रेषा जरा चुकली की एक घाण आवरते आणि दुसरी मोकाट सुटते.

म्हणून सेन्सर लागतो. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनी मातीची म्हणा ना, टोपी असते. तिच्या आत बाहेरची ताजी हवा, तिच्या बाहेर धूर. ही टोपी तीनशे-साडेतीनशे अंशांवर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे भारित कण जाऊ लागतात आणि दोन बाजूंच्या फरकाइतका विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर असेल तर ०.१ च्या आसपास. गाडीतला संगणक हा आकडा पाहतो आणि पेट्रोल किंचित कमी करतो, किंचित वाढवतो, पुन्हा कमी करतो. सतत. जर्मनीच्या बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसला, कॅलिफोर्नियाचे धुराबाबतचे कडक नियम पाळता यावेत म्हणून.

आपल्याकडे ही साखळी उशिरा आली. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे कन्व्हर्टरला आणि सेन्सरला विषासारखे. मी तेव्हा मुंबईत बँकेच्या कर्जविभागात होतो. मोटारीच्या कोटेशनवर कन्व्हर्टरचा उल्लेख पाहून अर्जदार विचारीत, ‘साहेब, हे नको असेल तर किती कमी होतील?’ त्यांतल्या पुष्कळ गाड्या कार्बोरेटरच्याच होत्या. त्यांना सेन्सर नव्हता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरो निकष लागू करायला लावले, २००० च्या फेब्रुवारीत शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून गेले आणि मग इंजेक्शनच्या गाड्यांबरोबर हा बोटाएवढा पाहुणा घरोघरी आला.

आता आणखी एक कारण आहे. आपल्याच साखर कारखान्यांतले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि २०२५ साली ते प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, १ किलोला ९ किलोच. म्हणजे १४.७ हा आकडाच खाली सरकला. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो, म्हणून संगणकाला काही मर्यादेपर्यंत आपोआप जुळवून घेता येते. सेन्सर आंधळा झाला तर तो अंदाजाने पेट्रोल ओतू लागतो.

आमच्या बारा वर्षांच्या गाडीचा दिवा गेल्या हिवाळ्यात लागला. पेट्रोल थोडे जास्त जात होते, एवढीच तक्रार. एका गॅरेजात बॉनेटही न उघडता कागदावर लिहून मिळाले: दोन्ही सेन्सर, कन्व्हर्टर, मजुरी. पाच आकडी रक्कम. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला असा कागद हातात घेतल्यावर खुर्ची लागते. दुसऱ्या ठिकाणी फारच स्वस्त तोडगा होता. ‘दिवाच बंद करून देतो काका, पुन्हा लागणार नाही.’ न जुळणाऱ्या खात्याचे व्हाउचर फाडून टाकण्यासारखे हे झाले. त्यापेक्षा पाच आकडी कागद बरा.

आमच्या इमारतीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फोरमन राहतात. ते म्हणाले, ‘साहेब, आधी दिव्याची जबानी घ्या. शिक्षा मग सुनवा.’ जबानी घेण्याचे यंत्र आता काडेपेटीएवढे मिळते आणि हजार रुपयांच्या आत येते. स्टिअरिंगखाली सोळा टोचे असलेला एक सॉकेट असतो, त्यात ते खोचायचे. उत्तर मोबाइलवर दिसते. आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांत ही सोय असतेच.

आमचा संकेतांक निघाला पी ०१३५. पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या वायरिंगमध्ये दोष. सेन्सर तापल्याशिवाय बोलत नाही हे वर आलेच; तो लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो. आमची गाडी मंडई, दवाखाना, नातवाची शाळा, असे दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येते. हीटर नसेल तर एवढ्या फेरीत सेन्सर जागाच होत नाही आणि संगणक सारा वेळ अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो. कोकणात जाऊन-येऊन गाडी वापरणाऱ्याला हाच दोष कदाचित जाणवलाही नसता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संकेतांक भागाचे नाव घेतो, म्हणजे तो भाग बिघडला असेच नव्हे. पी ०१७१ निघाला तर धुरात ऑक्सिजन जास्त आहे एवढेच कळते. हवेची एखादी रबरी नळी चिरलेली असेल आणि तिच्यातून चोरून हवा आत शिरत असेल. तेव्हा सेन्सर खरेच बोलत असतो, आणि आपण सेन्सरच बदलला तर तूट शोधून काढणाऱ्या तपासनिसाचीच बदली केली असे होते. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तरीही न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो. संगणक फसून आणखी पेट्रोल सोडतो आणि ते न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेट घेते. तो आतून वितळतो. खरा खर्च तो. म्हणून पिवळा दिवा नुसता लागलेला नसून उघडझाप करत असेल, तर गाडी पुढे दामटू नये.

पी ०४२० हा आणखी एक फसवा आकडा. गाडीला दोन सेन्सर असतात: एक कन्व्हर्टरच्या आधी, रोजचा हिशेब पाहणारा, दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर, कन्व्हर्टर काम करतो की नाही याची तपासणी करणारा. पी ०४२० म्हणजे या तपासनिसाचा प्रतिकूल शेरा. त्यावर पहिला सेन्सर बदलणारे मी पाहिले आहेत.

आमची तपासणी अर्ध्या तासाची होती. आधी फ्यूज, तो शाबूत. मग गार इंजिनावर सेन्सरचा प्लग सोडून किल्ली फिरवली आणि गाडीकडून येणाऱ्या बाजूला मल्टिमीटर लावला. १२ व्होल्ट मिळाले, म्हणजे वीज पोचत होती. शेवटी सेन्सरच्या हीटरच्या दोन वायरींमधला रोध. तो काही ओहम ते वीसेक ओहम दाखवायला हवा. मीटर काहीच दाखवीना. आतली तार तुटलेली. आता, आणि आताच, नवा सेन्सर विकत घ्यायचा. साडेतीन हजारांच्या आत आला. गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून तंतोतंत तोच घ्यावा. वायरी कापून जोडायचे ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ सेन्सर स्वस्त पडतात. पण कित्येक सेन्सर ताजी हवा वायरींच्या आतल्या फटींतूनच ओढतात आणि तिथे डाख किंवा ग्रीस गेले की त्यांचा श्वास कोंडतो. नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वेगळ्या पद्धतीचा असतो, त्याला ०.१ आणि ०.९ चे गणित लागू नाही. त्याच्या जागी साधा बसवून चालत नाही.

घरी बदलायचे काम अवघड नाही, पण उरकायचेही नाही. पहिला सेन्सर छोट्या गाड्यांत बहुधा बॉनेट उघडल्यावर वरूनच दिसतो. दुसरा खाली असतो. त्यासाठी गाडी उचलावी लागते आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही. लोखंडी घोड्या नसतील तर तो सेन्सर गॅरेजवाल्याकडे सोपवावा. हँडब्रेक ओढून, चाकांना लाकडी ठोकळे लावून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून सुरुवात करायची. प्लगची कडी दाबून प्लग सोडवायचा, वायर ओढायची नाही.

सेन्सरला बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायरीमुळे नेहमीचा सॉकेट वरून जात नाही. एका बाजूला खाच असलेला सॉकेट मिळतो. तो नसेल आणि जुना सेन्सर टाकायचाच असेल, तर त्याच्या वायरी कापून साधा रिंग पाना घालता येतो. ही युक्ती फोरमनसाहेबांची. बारा वर्षांच्या उष्णतेने आटे धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे स्प्रेचे तेल मारून ठेवले. सकाळी इंजिन तीन-चार मिनिटे चालवले, म्हणजे धातू जरा सैल होतो. मग इंजिन बंद करून, जाड मोजे घालून पाना लावला. इंजिन चालवायचे ते मोकळ्या हवेत. बंद पार्किंगमध्ये मुळीच नाही. वर सांगितलेल्या बिनवासाच्या वायूने घरातल्या घरात माणसे गेलेली आहेत.

पहिल्या दोन प्रयत्नांत काही झाले नाही. तिसऱ्याला ‘कट्ट’ असा आवाज झाला. मी फोरमनसाहेबांकडे पाहिले. ‘मोडलं नाही, सुटलं,’ ते म्हणाले. पुढच्या आट्याला पुन्हा तेल आणि थोडे मागे-पुढे. खेचत राहिले तर नळीतले आटेच उखडून येतात आणि मग तीन हजारांचे काम कुठल्या कुठे जाते. अशा वेळी थांबून गाडी गॅरेजात न्यावी. त्यात कमीपणा नाही.

नव्या सेन्सरच्या टोकाला बोट लावायचे नाही. तो पडला तर आतली टोपी तडकू शकते. आट्यांना लावायचे वंगण बहुधा कंपनीनेच लावलेले असते. आणखी चोपडू नये. सिलिकॉनचा सीलंट आसपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवायचे, तिरके बसत नाहीत ना हे पाहायला. नंतर पान्याने घट्ट. सोबतच्या पत्रकात दिलेल्या मापाइतके, अंगातल्या जोराइतके नव्हे. वायर पूर्वीच्याच क्लिपांतून न्यायची, तापणाऱ्या नळीपासून दूर.

बॅटरी जोडली, यंत्राने जुना संकेतांक पुसला आणि इंजिन सुरू केले. पडद्यावर पहिल्या सेन्सरची रेघ आधी सपाट होती. मिनिटभराच्या आतच ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन खाली आल्या होत्या. ‘हा कार्डिओग्राम कुणाचा?’ त्यांनी विचारले.

खरी खात्री मात्र आठवडाभर गाडी वापरल्यावर होते. पुसलेला संकेतांक परत येतो की नाही हे संगणक स्वतःच्या चाचण्या झाल्यावर ठरवतो. आमचा आला नाही. मग पीयूसी केली. २०१७ नंतरच्या, आणि मोठ्या शहरांतल्या त्याआधीच्याही, पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीच्या कागदावर एक रकाना असतो: लॅम्ब्डा. प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि लागणारी हवा यांचे हे गुणोत्तर इंजिन २५०० फेऱ्यांवर ठेवून मोजायचे असते आणि ते १ च्या वर-खाली ०.०३ च्या आत हवे. केंद्रावरचा मुलगा कागद दुमडून देतो, आपण तो गाडीच्या खणात टाकतो आणि पोलिसाने मागितला तरच बाहेर काढतो. आजच्या रविवारी खण उघडून तेवढा एक रकाना वाचायला हरकत नाही.

आमच्या कागदावर ०.९९ छापले आहे. फोरमनसाहेबांनी चष्मा लावून तो आकडा पाहिला, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, ‘पावसाळ्याआधी खालच्या सेन्सरची वायर एकदा बघून घेऊ, साहेब. पाणी तिथंच शिरतं.’