देवगिरी : न हरलेला कातळ

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की पंधरा किलोमीटरवर शंकूसारखा एकटा डोंगर उभा राहतो. उंची सुमारे 200 मीटर. त्याच्या खालच्या अंगाचा कातळ माणसांनी चहूबाजूंनी असा उभा तासला आहे की घोरपडीलाही नखं रोवायला जागा मिळू नये. यादवांची राजधानी देवगिरी ती हीच. आज तिथे ढासळलेले तट, छप्पर उडालेले वाडे आणि कोरडे हौद आहेत. तरीही किल्ला कसा लढत असे, हे इतकं स्पष्ट दाखवणारी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

संरक्षणाची रचना एकात एक आहे. बाहेर गावाला कवेत घेणारा अंबरकोट. वेरूळचा रस्ता आजही त्याच्या दरवाजातून जातो. आत महाकोट आणि त्याच्याही आत काळा कोट. महाकोटाच्या दरवाजांच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकले आहेत. ते हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर आहेत, कारण दार फोडायला हत्तीच आणत. दारापुढची वाट मुद्दाम वळवलेली, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही. त्या वळणावर अडकलेल्या शत्रूवर दोन्ही तटांवरून मारा होई.

एवढं ओलांडलं की कातळात खोदलेला खंदक लागतो. त्यावरून जायला एकच अरुंद पूल, आणि पुलापलीकडे अंधारी. कातळाच्या पोटातून वर चढणारा हा वळणावळणाचा बोगदा भरदुपारीही काळाकुट्ट असतो. वाटाड्या मशाल धरतो तेव्हा दिसतं की पायऱ्या लहानमोठ्या आहेत. चाल बिघडावी म्हणून. एका ठिकाणी उजेडाची फट दिसते. थकलेला माणूस तिकडेच धावणार आणि थेट खंदकात कोसळणार. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण असे. त्यावर आग पेटवली की आत शिरलेल्यांचा धुराने जीव गुदमरावा, अशी योजना होती.

असा किल्ला पडला कसा? 1296 साली दिल्लीच्या सुलतानाचा कडा प्रांतातला सुभेदार अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजे रामदेवराय किल्ल्यात शिरले. घाईघाईने पोती आत घेतली गेली. ती धान्याची समजलेली पोती मिठाची निघाली, असं तवारिखा सांगतात. शंकरदेव परत येऊन लढला, पण हरला. कडा कुणी चढलं नाही. उपासमार समोर दिसू लागली म्हणून खंडणी कबूल करावी लागली. ज्या रामदेवरायांच्या राज्यात सहा वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी पूर्ण झाली होती, त्यांच्यावर ही वेळ आली. 1318 साली यादवांची सत्ता पुरती संपली.

1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिलं. प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. किल्ल्याच्या तुरुंगातले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. 1347 साली बहमनी राज्याची मुहूर्तमेढही इथेच रोवली गेली. प्रवेशानंतर लगेच दिसणारा चांदमिनार बहमनींचाच, सुमारे 210 फूट उंच.

पुढे किल्ला निजामशाहीकडे आला. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या काळात इथले किल्लेदार होते. 1629 मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव निजामशहाच्या दरबारात इथेच दग्याने मारले गेले. आपल्याच मातब्बर सरदाराला मारणारी सत्ता टिकली नाही. 1633 साली मोगल सेनापती महाबतखानाने वेढा घातला, सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले. काळा कोट मात्र त्याने फोडला नाही. आत दाणा संपला आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला स्वाधीन केला. म्हणजे पुन्हा तेच: कातळ शाबूत, कोठार रिकामं.

अंधारीच्या अलीकडे चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा 1687 नंतर इथे मोगलांच्या कैदेत होता आणि कैदेतच वारला. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्यांचे मोजके तुकडे उरले आहेत. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलं आहे. शिंगांचा पीळ अजून ठळक आहे. तोफ चौफेर फिरवता यावी अशी तिची बैठक आहे.

देवगिरीच्या बांधणाऱ्यांनी कुठेही कसूर केली नाही. रसद, शिबंदी आणि माणसांमधला विश्वास यांत राज्यकर्ते कमी पडले, तेव्हा तेव्हा किल्ला गेला. शिवकाळात गडावरच्या धान्यकोठारांची आणि टाक्यांची इतकी काळजी का घेतली जाई, हे इथे उभं राहिल्यावर पटतं.

वेरूळच्या वाटेवर अर्ध्या तासात हा किल्ला उरकू नका. सकाळी लवकर जा, पाणी जवळ ठेवा, अंधारीत वाटाड्या घ्या आणि पार माथ्यापर्यंत चढा. चिनी महालातल्या उरल्यासुरल्या फरश्यांना हात लावू नका. कुणी तटावर नाव कोरताना दिसलं, तर त्याला तिथल्या तिथे अडवा.