पाहुण्याच्या मुक्कामावरील कर

आषाढीच्या वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. एक भवानी पेठेत, दुसरी नाना पेठेत. वारकरी देवळांत, शाळांत, कुणाच्या ओसरीवर अंग टाकतात. त्याच रात्री स्टेशनाजवळच्या हॉटेलात उतरलेला व्यापारी खोलीच्या भाड्यासोबत सरकारी करही भरतो. दोघेही या शहराचे पाहुणे. मग हा भेद न्याय्य आहे काय?

प्रश्न जुना आहे. यात्रेकरूंवरील कर अकबराने १५६३ मध्ये उठविला. पुढे तो पुन्हा बसला. तेव्हा मूळचे गोदातीरीचे आणि काशीस राहणारे कवींद्राचार्य सरस्वती शहाजहानकडे गेले आणि काशी-प्रयागच्या यात्रेकरूंची त्यातून सुटका करून आले. देशोदेशींच्या पंडितांनी रचलेली त्यांची स्तुती 'कवींद्रचंद्रोदय' या ग्रंथात संग्रहित आहे. तो कर माणसाच्या येण्यावर होता. यात्रेला निघालेला मनुष्य गरीब असो वा श्रीमंत, कर भरल्यावाचून त्याचे स्नान होत नसे. लोकांना खुपले ते हेच.

महाराष्ट्राने १९८७ च्या कायद्याने जो कर बसविला, त्याचे तत्त्व निराळे होते. तो चैनीवरील कर होता. ठराविक भाड्यावरच्या खोल्यांनाच तो लागे. २०१७ साली तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्या आरंभी करमुक्त होत्या. जुलै २०२२ पासून त्यांवरही १२ टक्के कर आला. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के आहे. म्हणजे दर उतरला खरा. पण जो कर चैनीवर होता, तो साध्या निवाऱ्यावर येऊन बसला. परगावाहून आजाऱ्याला घेऊन पुण्यात आलेला शेतकरी रुग्णालयाजवळ खोली घेतो, ती चैन म्हणावी काय?

यावर कोणी म्हणेल, पाहुण्यासाठी पाणी, रस्ते, सफाई लागते. त्याचा खर्च पुणेकरांनीच का सोसावा? म्हणणे रास्त आहे. माथेरानची नगरपरिषद येणाऱ्या प्रवाशाकडून कर घेते, तो गावाच्याच तिजोरीत पडतो. व्हेनिसने तर २०२४ पासून, गर्दीच्या ठराविक दिवशी, रात्रीचा मुक्काम न करता परतणाऱ्यांनाही शुल्क लावले. मुक्काम करणारे तेथे वेगळा कर आधीच भरतात. आपल्या खोलीवरील कर मात्र केंद्र व राज्य यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. ज्या पेठेचा नळ पाहुण्याने वापरला, तिच्या नावे त्यातून वेगळे काही पडत नाही.

तेव्हा दोन कसोट्या पुरेत. कर निवाऱ्याच्या व्यापारावर असावा, माणसाच्या येण्यावर नसावा. आणि ज्या गावाने पाहुण्याचा भार वाहिला, त्याला त्यातील वाटा मिळावा. या दोन्ही पाळल्या, तर कर देऊनही पाहुणा पाहुणाच राहील. न पाळल्या, तर आपल्या आतिथ्याच्या गोष्टी वारीच्या मुक्कामापुरत्याच उरतील.